कुंपणापलीकडची खडखड

"ताई, दुपारी जरा डोळा लागला का हो?" वहिनींनी वईपलीकडून विचारलं. माझ्या झोपेची चौकशी करायला वहिनी कधी कुंपणापर्यंत येत नाहीत. तेव्हा विषय दुसराच असणार हे मी ओळखलं. तो विषय त्यांच्या अंगणात चिंचेखाली उभाच होता.

"डोळा कुठला लागतोय? भाऊजींच्या फेऱ्या थांबतील तेव्हा ना!"

"मग मी तरी काय म्हणते! घरात आली तेव्हापासून नुसती खडखड, कटकट, घरघर. एक आवाज संपला की दुसरा. अवदसा मेली!"

ही अवदसा म्हणजे एटीव्ही. आमच्या अष्टागरात, आक्षी-नागावच्या बाजूला, सुट्टीच्या दिवशी पुळणीवर मुंबईकरांना घेऊन धावणाऱ्या फुगीर टायरांच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. हँडल मोटारसायकलचं, चाकं चार, सीटवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. पोरं तिला क्वाड बाईक म्हणतात. त्यातलीच एक, जरा मोठी, चारही चाकांना ताकद देणारी, एका रिसॉर्टवाल्याने विकायला काढली आणि भाऊजींनी उचलली. गरज मात्र खरी होती. वाडीत नारळ पाडायला माणूस कसाबसा मिळतो, वाहायला मिळत नाही. पोफळींच्या मधल्या वाटेने टेम्पो शिरत नाही, बैल आता कुणी ठेवत नाही, आणि भाऊजींना डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केलेली. मागे छोटी ट्रॉली जोडली की नारळ, झावळ्या, शेणखत, सगळं एका खेपेत. हिशेब चोख होता. फक्त गाडी बघायला गेले तेव्हा भाऊजी डोळे घेऊन गेले आणि कान घरी विसरले.

"कुणाकडून घेतली म्हणालात?" मला माहीत होतं, तरी विचारलं. गप्पांना कुठून तरी सुरुवात करावी लागते.

"अहो ते नाही का, ज्यांच्या स्विमिंग पुलात पावसाळ्यात तेवढं पाणी असतं! त्यांचीच. आता म्हणे लग्नाचा हॉल काढताहेत. मधे तो एजंट. 'काका, फक्त शनिवार-रविवार चाललेली गाडी आहे,' म्हणाला, आणि हे विरघळले."

"शनिवार-रविवार म्हणजे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, वहिनी. दर थोड्या वेळाने नवा माणूस, आणि बसल्या बसल्या प्रत्येकाला गॅस पिळायचा असतो. भाड्याच्या गाडीवर दया कोण करतं? किलोमीटर किती झालेत?"

"अडीच हजार फक्त! हे सगळ्या आळीला तेच सांगत सुटलेत."

"आणि तास?"

वहिनी गप्प झाल्या. बऱ्याचशा एटीव्हींच्या मीटरवर किलोमीटरबरोबर तासही असतात, इंजिन एकूण किती वेळ चाललं त्याचे. बटण दाबत गेलं की दिसतात. भाऊजींनी चिंचेखालूनच दाबून बघितलं आणि जरा पडेल आवाजात सांगितलं, "सातशे."

वहिनींनी बोटांवर भागाकार केला. तासाला साडेतीन किलोमीटर. "अगो बाई! मी याहून भराभर चालते की!"

"म्हणजे काय ते बघा. गाडी फिरली थोडी, पण उभ्या उभ्या आणि वाळूत रुतत रुतत इंजिन चाललं भरपूर. किलोमीटर बघणाऱ्याला गाडी नवी वाटते. तास बघणाऱ्याला तिचं खरं वय कळतं."

आता हिला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. आळीतली पुरुषमंडळी तर म्हणतातच. पण माझी पिठाची गिरणी होती. मोटर, पट्टा, बेअरिंग आणि दगड, एवढ्यावर मी संसार केला. पट्टा घसरायला लागला, बेअरिंग सुकलं, की आधी कानाला कळतं, मग नाकाला. डोळ्याला दिसेपर्यंत खर्च दुप्पट झालेला असतो. एटीव्हीतही पट्टा आहे आणि बेअरिंगंही आहेत. बाकीचं मी भाऊजींच्या पुस्तकात वाचलं. गाडीबरोबर आलेलं ते मॅन्युअल भाऊजींनी टीव्हीखाली ठेवलं होतं, टीव्ही डगमगू नये म्हणून.

"बरं, आतापर्यंत कुणी कुणी काय काय सांगितलं?"

वहिनींनी पदर खोचला आणि यादी सुरू केली. "पलीकडच्या आळीतले आप्पा म्हणाले, इंजिन बसलंय. त्यांचा पुतण्या म्हणाला, बेल्ट बदला. नाक्यावरच्या मिस्त्रीने फोनवरच आवाज ऐकला आणि म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, ॲडव्हान्स पाठवा. पुण्याहून आमचे चिरंजीव म्हणतात, विकून टाका. आणि सासूबाई म्हणतात, गाडीची पूजा केली नाही, नारळ फोडला नाही, म्हणून हे सगळं."

"नारळ फोडा, त्याने काही बिघडत नाही. इंजिन मात्र एवढ्यात उतरवू नका. मला सांगा, वाजते कधी?"

"सदानकदा!"

"सदानकदा कुणीच वाजत नाही, वहिनी. तुमच्या सासूबाईसुद्धा नाही."

वहिनींनी मागे वळून ओटीकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि मग पोटभर हसल्या.

विनोद सोडा, पण मुद्दा तोच आहे. आवाज कुठून येतोय हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि तिथेच चकतात. लोखंडी चौकट आवाज इकडचा तिकडे नेते. पुढच्या चाकाचा आवाज सीटखाली ऐकू येतो, आणि सायलेन्सरचा इंजिनच्या डोक्यावर. फोनवर तर सगळीच खडखड. म्हणून आधी विचारायचं, कधी? थंड असताना की तापल्यावर? जागेवर उभी असताना की चालताना? गॅस दिल्यावर की सोडल्यावर? सरळ जाताना की वळताना? एवढी उत्तरं मिळाली की निम्मी गाडी संशयातून सुटते.

भाऊजींना मी कुंपणाजवळ बोलावलं. "टायरात हवा किती भरलीत?"

"परवा पंक्चरवाला आला होता घरी. तीस भरली."

"तीस? अहो, ती मोटारीची हवा झाली!"

एटीव्हीच्या टायरला साधारण पाच-सात पौंडांची हवा लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आणि गाडीच्या स्टिकरवर दिलेला असतो. हा टायर मऊच राहायला हवा, कारण वाळूत आणि चिखलात पसरून पकडायचं काम तो करतो आणि अर्धा धक्काही तोच खातो. त्यात तीस भरली की टायर फुटायची भीती, आणि नाही फुटला तरी प्रत्येक मुळीचा आणि चिऱ्याचा दणका थेट चौकटीत. मग जे जे सैल आहे ते ते वाजणारच. पंक्चरवाल्याच्या गेजवर पाच आणि सात यातला फरक धड दिसतही नाही. कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं, ते घ्यावं. चारही चाकांत नेमून दिल्याप्रमाणे हवा हवी. डावं-उजवं कमीजास्त असलं तर गाडी एका बाजूला ओढते.

हवा काढली. मग पोटाखालचं कव्हर. एटीव्हीच्या खाली इंजिन वाचवायला जाड कव्हर असतं, त्याला स्किड प्लेट म्हणतात. वाटेतला सगळा केर तिथे साठतो. भाऊजींनी बोल्ट सोडले तर आतून वाळू, शिंपले, एका चपलेचा पट्टा आणि आमच्याच वाडीच्या मूठभर सुपाऱ्या निघाल्या. पुढच्या कॅरिअरचे दोन बोल्ट सैल होते, ते आवळले. गाडी फिरवली तर खडखड बरीच गेलेली.

"झाली की हो दुरुस्त!" भाऊजींचा चेहरा फुलला.

"दुरुस्त कुठली? आता कुठे ऐकू येईल," मी म्हटलं. वरचा गोंगाट गेल्याशिवाय खालचं दुखणं कानावर येत नाही. पण त्यासाठी इंजिन थंड हवं होतं. म्हणून ठरलं की उद्या सकाळी चहाच्या आधी, आणि तोवर कुणी स्टार्टरला हात लावायचा नाही.

"बघायला गेलात तेव्हा इंजिन थंड होतं का हो?" जाता जाता मी विचारलं.

"छे, छान चालू होतं. एजंट म्हणाला, काका, तुमच्यासाठी गरम करून ठेवली."

"तुमच्यासाठी कसली? त्याच्या स्वतःसाठी!" वहिनींनी माझ्या तोंडचं वाक्य पळवलं. खरंच आहे. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलून जातं, ते तापल्यावर बोलत नाही. झिजलेला पिस्टन थंड असताना सिलेंडरमध्ये डुलतो आणि वाजतो, तापून फुगला की गप्प होतो. सैल टायमिंग चेन सुरू होताना खळखळते, तेल चढल्यावर तिचा ताण नीट बसला तर शांत होते. पहिला धूर, स्टार्टरची कुरकुर, सगळं त्या मिनिटातच कळतं. गाडी बघायला गेलं की आधी इंजिनवर हात ठेवावा. कोमट लागलं तर सरळ सांगावं, गार झाल्यावर येतो.

सकाळी वहिनींनी चहा कुंपणावरूनच दिला. भाऊजींनी चावी फिरवली. स्टार्टर सरळ फिरला. नुसतं टक् होऊन थांबला असता तर बॅटरी नाहीतर रिले बघायची, आणि कर्र् करून मोकळाच फिरला असता तर स्टार्टरचा वन-वे क्लच. तसलं काही नव्हतं. इंजिन धरलं, आणि लगेच वरून बारीक, भराभर टिकटिक सुरू झाली.

"ऐकलंत?" भाऊजी म्हणाले. "हेच ते. आप्पा म्हणतात, आतला रॉड ठोकतोय."

"आप्पांचा रॉड खालून ठोकतो, आणि जड ठोकतो. गॅस देऊन ओझं टाकलं की वाढतो. हा आवाज हलका आहे आणि वरचा आहे." इंजिनच्या डोक्यातले व्हॉल्व्ह क्रँक दोनदा फिरला की एकदा उघडतात. म्हणून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची टिकटिक इंजिनच्या फेऱ्यांच्या निम्म्या चालीने पडते, रॉडचा ठोका मात्र फेरीगणिक. कान सवयीचा असला की ही चाल ओळखता येते. नसला तर लांब पेचकस घ्यावा, टोक इंजिनच्या अंगाला टेकवावं आणि मूठ कानामागच्या हाडाला. पदर, ओढणी, केस फिरत्या भागांपासून दूर ठेवायचे. भाऊजींनी करून बघितलं. डोक्यावर टिकटिक बेताची, पण सायलेन्सरचा पाइप इंजिनला मिळतो तिथे नुसत्या कानालाही मोठी.

"मग टॅपेटचं सेटिंग करून घेऊ?"

"थांबा जरा. चहा होऊ द्या."

चहा संपेपर्यंत इंजिन तापलं आणि टिकटिक जवळजवळ गेली. पाइपाच्या सांध्याशी वाकून बघितलं तर काजळीचा काळा पट्टा. तिथलं गॅस्केट गेलेलं. थंड असताना फटीतून धूर फुटतो आणि टॅपेटची हुबेहूब नक्कल करतो. धातू तापून फुगला की फट मिटते आणि नक्कल थांबते. अजून खात्री हवी असेल तर हातमोजा घालून जाड फडक्याने सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबायचं, गळती असेल तिथे सुस्कारा ऐकू येतो. ज्या आवाजासाठी मिस्त्री इंजिन उतरवायला निघाला होता, त्याचं औषध एक गॅस्केट आणि दोन नट.

टॅपेटचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. थोडं वाजणारं टॅपेट बरं. अजिबात न वाजणाऱ्याची काळजी जास्त करावी. व्हॉल्व्ह झिजून आपल्या बैठकीत वर सरकतो, तेव्हा व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांच्यामधली फट कमी होत जाते. आवाज बंद होतो आणि माणूस खूश होतो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो, आणि सकाळी गाडी सुरू होईनाशी होते. सातशे तास झालेल्या इंजिनची फट फीलर गेजने मोजून घ्यावी, वाजो की न वाजो.

"हे माणसांनाही लागू आहे हो," वहिनी हळूच म्हणाल्या. "आमची मोठी जाऊ बोलायची बंद झाली, तेव्हाच मी ओळखलं होतं, आता वाटणी मागणार." जाऊबाईंच्या वाटणीचा विषय पुढे बराच रंगला. तो इथे लिहिण्यात अर्थ नाही.

मग पट्टा. ट्रॉलीत नारळ भरले की निघताना चीं अशी किंचाळी आणि मागोमाग जळक्या रबराचा वास. हा पुतण्याचा मुद्दा, आणि तो अर्धा बरोबर होता. या गाडीला मोटारसायकलसारखे गिअर नसतात. दोन पुलींमधे रबरी बेल्ट असतो, आणि वेगाप्रमाणे पुली मिटतात-उघडतात. बेल्ट घसरला की किंचाळतो. पण घसरतो का?

"भाऊजी, नारळ नेताना गिअरची कांडी कशावर असते?"

"एच वर. वर उजवीकडे."

"आणि ते खालचं एल कशासाठी दिलंय?"

भाऊजींनी मॅन्युअल उघडलं. टीव्ही तेवढा वेळ कलला. ओझं ओढताना, चढावर, चिखलात आणि पायी चालायच्या वेगाने जाताना एल. एचवर हळूहळू ओझं ओढलं की बेल्ट पुलीत धड धरत नाही, नुसता घासतो, तापतो, चकचकीत होतो आणि मग निघताना धडधडत झटके देतो. एका जागी अडकून गॅस देत राहिलं तर बेल्ट तेवढ्याच ठिकाणी खोलगट जळतो, आणि नंतर हळू चालताना ठराविक अंतराने धप् धप् करतो. पाटातून गाडी घातली, कव्हरात पाणी शिरलं, तरी बेल्ट घसरतो. तेव्हा कव्हराचं निचऱ्याचं बूच काढून पाणी सोडायचं, आणि गाडी न्यूट्रलला ठेवून थोडा गॅस देत सुकवायचं. गिरणीत आम्ही पट्ट्याला राळ लावायचो. इथे राळ नको, ग्रीस नको, तेल नको, काही म्हणजे काही लावायचं नाही. भाऊजी एलवर आले, किंचाळी थांबली. बेल्ट उघडून बघायचा आहेच. चकचकीत निघाला तर बदलायचा, आणि नव्यावर पहिले काही दिवस ओझं घालायचं नाही.

आता राहिली घरघर. ही मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. गाडी जागेवर उभी करून गॅस दिला, घरघर नाही. म्हणजे इंजिन सुटलं. वाटेवर थोडा वेग घेऊन गॅस सोडला, इंजिन खाली बसलं, तरी घरघर चालूच, गाडी मंदावली तशी तीही मंदावली. म्हणजे चाकांकडे. डावीकडे वळलं की वाढते, उजवीकडे वळलं की कमी होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. म्हणजे आरोपी उजवीकडे. जात्यात धान्य संपल्यावर दगडावर दगड फिरतो तशी ती कोरडी घरघर होती.

पुढचा भाग जॅकवर घेतला, मागच्या चाकांना चिरे लावले. उजवं चाक वर आणि खाली धरून हलवलं तर खटखट. आता ही खटखट बेअरिंगची की बॉल जॉइंटची? वहिनींना म्हटलं, ब्रेक दाबून धरा. त्यांनी सासूबाईंची आठवण काढून दाबला असावा, चाक जागच्या जागी गच्च. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, तरीही राहिली तर बॉल जॉइंट. गेली. ब्रेक तसाच दाबलेला ठेवून डावीकडे-उजवीकडे धरून हलवलं तर काही नाही, म्हणजे स्टिअरिंगचा टाय रॉड ठीक. चाक मोकळं फिरवून शेजारच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली तर खरखर हाताला लागत होती.

"एवढ्या लवकर कसं गेलं हो?" भाऊजींनी विचारलं.

"खाऱ्या पाण्यात फिरलीय ती भाऊजी. लाटेत चाक घालून फोटो काढल्याशिवाय कुणी परत जातं का? आणि संध्याकाळी रिसॉर्टचा पोरगा जोरदार फवाऱ्याने धुणार. तो फवारा बेअरिंगच्या सीलवर मारला की मीठ आणि वाळू आतच जाते. धुवा, रोज धुवा, पण साध्या नळीने, गोड्या पाण्याने. आणि जिथे ग्रीसचे निपल आहेत तिथे ग्रीस मारा."

बेअरिंगबरोबर आणखी एक सापडलं. हँडल पूर्ण वळवून गवतावर हळू गोल घेतला की पुढून कट-कट-कट. फोर-व्हील बंद केल्यावर कमी, चालू केल्यावर जास्त. हा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा. त्यावरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस गळून गेलेलं, आत वाळू. बूट फाटल्याबरोबर बदलला असता तर थोडक्यात भागलं असतं. सांधा वाजायला लागल्यावर तो आतून खाल्ला गेलेला असतो, मग बहुधा अख्खा ॲक्सलच घ्यावा लागतो. ही चाचणी गवतावर किंवा वाळूतच करायची. कोरड्या कडक जमिनीवर फोर-व्हील लावून वळलं की सगळ्या सांध्यांवर ताण येतो.

आणि गाडी पुढे-मागे करताना आणखी एक ठक् येत होता. त्यात थोडा दोष चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यातल्या क्रॉसचा, त्याला तपासून ग्रीस द्यायचं. बाकी दोष भाऊजींचा. गाडी पुढे घरंगळत असतानाच ते रिव्हर्स टाकतात. पूर्ण थांबायचं, इंजिन खाली बसू द्यायचं, ब्रेकवर पाय आणि मग कांडी. वहिनी म्हणाल्या, "हे मी रोज सांगते, पण कुंपणापलीकडून सांगितल्याशिवाय यांना पटतच नाही."

शेवटी तेल. इंजिनचं काळं होतं, पण त्यात चकाकणारी कणी नव्हती, म्हणजे आतलं धातूकाम बहुधा शाबूत. पुढच्या गिअरपेटीचं मात्र दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलंय. सील आणि तेल, दोन्ही बदलायचं.

भाऊजींनी एजंटला फोन लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, "काका, एवढं नॉर्मल आहे." दुसऱ्यांदा उचललाच नाही.

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या, "दुरुस्त झाली की मला मागे बसवून चौलला रामेश्वराला न्या म्हणजे झालं."

तेवढं मात्र नाही म्हणून सांगितलं. एक तर गाडीला नंबर नाही, ती वाडीबाहेर सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही. दुसरं म्हणजे सीट कितीही लांब दिसली तरी ती एकाच माणसाची आहे. लांब यासाठी, की चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकून चालवणाऱ्याने आपलं वजन गाडीला द्यायचं असतं. मागे कुणी बसलं की सरकायला जागा राहत नाही आणि गाडी उलटते. होंडाने 1970 साली अशी पहिली गाडी काढली तेव्हा तिला तीनच चाकं होती. तसल्या गाड्या इतक्या उलटायच्या की 1988 मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमधल्या समझोत्याने तीनचाकी नव्याने विकणंच थांबलं. चार चाकांचीही उलटते, फक्त जरा उशिरा. हेल्मेट घालायचं आणि नातवंडांना हँडलला हात लावू द्यायचा नाही, एवढं वहिनींनी भाऊजींकडून माझ्यादेखत कबूल करून घेतलं.

तेव्हा सांगायचं एवढंच. जुनी एटीव्ही घेणार असाल तर सकाळी जा, इंजिन गार आहे का ते हात लावून बघा, किलोमीटरला तासांनी भागा, चाकं हलवून बघा, गवतावर दोन्हीकडे पूर्ण वळवून ऐका, आणि मगच भावाचं बोला. घेतलेली गाडी वाजायला लागली तर आधी हवा बघा, केर काढा, बोल्ट आवळा. आणि आवाज कधी येतो हे विचारल्याशिवाय जो मिस्त्री इंजिन उतरवायला निघेल, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.